पलीकडचा पाना

मोटरसायकलचा लेगगार्ड मी तुम्हाला बनवून देतो. पाइप शिल्लक आहे, पट्ट्या कापून ठेवलेल्या आहेत, लाइट आली की वेल्डिंगला अर्धा तास. पण तो गाडीवर मी बसवणार नाही. राग मानू नका. नसरापूरला कुणीही दहा मिनिटांत बसवून देईल.

इतरांना मी कंबरेचं कारण सांगतो. खाली बसवत नाही म्हणतो. पण तुम्ही मघाशी मला त्या बाकड्याखाली शिरून डबा काढताना बघितलंत, त्यामुळं तुम्हाला ते पटायचं नाही.

बसा. पाऊस उघडल्याशिवाय तुम्हाला राजगडाकडं जाता येणार नाही आणि लाइट आल्याशिवाय मला काम करता येणार नाही. ती मेणबत्ती तेवढी आडोशाला घ्या, दारातून वारा येतो. आत्ता चारच वाजलेत, पण या पत्र्याच्या शेडमध्ये पावसाळ्यात चारलाच दिवेलागण होते.

बाहेर पाटीवर ‘सम्राट फॅब्रिकेशन’ वाचलंत ना, तो सम्राट माझा मुलगा. पाटी रंगवली तेव्हा चार वर्षांचा होता. वाचता येत नव्हतं, पण फाट्यावर एसटीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला पाटीकडं बोट दाखवून ‘ह्ये मी’ म्हणून सांगायचा. पुढं भोरला आयटीआय केला, पुण्याच्या कंपनीत लागत होता, ते सोडून माझ्याजवळच राहिला. मला फार बरं वाटलं. तोंडावर कधी बोललो नाही.

लेगगार्ड बसवणं हे दोघांचं काम. वरची पट्टी चेसिसला आवळायची असते, ती एकट्याला जमते. खालचा बोल्ट मात्र लांब. तो इंजिनाच्या आरपार जातो. बोल्टचं डोकं गाडीच्या डाव्या बाजूला, नट उजव्या बाजूला. नट आवळायला लागलं की बोल्टही त्याच्याबरोबर गरगर फिरतो. म्हणून पलीकडं बसून कुणीतरी डोक्यावर पाना चढवून धरून ठेवावं लागतं. मी उजवीकडं बसायचो, सम्राट डावीकडं. मध्ये इंजिन. एकमेकांची तोंडं दिसत नाहीत, वाकून बघितलं तर खालून बोटं तेवढी दिसतात. त्याच्या कानात कायम गाणी चालू असायची, हाक ऐकू जायची नाही. त्यामुळं आमची एक खूण ठरली होती. बोल्ट पक्का बसला की तो पलीकडून पान्यानं पाइपवर दोनदा वाजवायचा. टण्... टण्. म्हणजे, झालं आप्पा.

त्याच्या स्वतःच्या गाडीला मात्र गार्ड नव्हता. जुनी गाडी, त्यानंच इंजिन उघडून पुन्हा बांधलेली. ‘आप्पा, माझा नंबर कधी?’ असं दिवाळीपासून विचारत होता. शेवटी जूनच्या अखेरीला मी बनवला. चांगल्या जाड पाइपचा, कोपरे गोल केलेला. दोन हात काळा रंग मारून तिथं वरच्या खिळ्याला वाळत टाकला. रविवारी बसवायचं ठरलं.

शनिवारी पुण्याचा एक माणूस आला. बायको मागं बसलेली. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं गाडीवरून कोकणात निघणार होते. ‘घाटाची हिला भीती वाटते हो, आजच काहीतरी करून द्या,’ म्हणाला. तेवढ्यात त्याची नजर वर गेली.

‘तो कुणाचा आहे?’

मी सम्राटकडं बघितलं. तो खाली मान घालून फडक्यानं हात पुसत होता.

‘तुमचाच समजा,’ मी म्हणालो.

सम्राटनं स्टूल घेतलं, स्वतःच वर चढून गार्ड काढला, डाव्या बाजूला जाऊन बसला आणि पाना धरला. टण्, टण्. ते जोडपं गेल्यावर हात धुता धुता हसत म्हणाला,

‘घरच्या मानसाचा नंबर शेवटालाच लागायचा व्हय वो आप्पा?’

‘तुजं काय, तू हितंच हायस. पुढच्या रविवारी करू.’

पुढच्या रविवारी एका टेम्पोचं मागचं फाळकं तुटून आलं, ते अर्जंट होतं. आणि मंगळवारी सम्राट गेला.

लावणीचे दिवस होते. शेतातून बाहेर पडणारे ट्रॅक्टर डांबरावर चिखल सोडत जातात, वर भुरभुर पाऊस झाला की तो साबणासारखा होतो. गुंजवण्यात कुणाची तरी गाडी बंद पडली म्हणून फोन आला आणि तो पान्यांची पिशवी घेऊन दुपारी अडीचला निघाला. साखरच्या पुढच्या एका वळणावर गाडी डाव्या अंगावर घसरली आणि त्याच्यासकट रस्त्याकडेच्या चारीत गेली. मोबाईल पाण्यात पडला. चारीत गवत कमरेएवढं. वरून जाणाऱ्याला काही दिसण्यासारखं नव्हतं. गुंजवण्याचे गेनबा म्हणून एक म्हातारे म्हशी घेऊन परतत होते. त्यांची एक म्हैस तिथं थबकली, पुढं पाऊल टाकेना, म्हणून त्यांनी वाकून बघितलं. तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. त्यांनी हाका मारून माणसं बोलावली आणि चौघांनी मिळून गाडी उचलली. श्वास होता म्हणतात. वेल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत राहिला नाही.

डॉक्टर म्हणाले, डोक्याला साधं खरचटलेलंही नाही. डावा पाय इंजिनाखाली चेंगरला, रक्त जात राहिलं. पाय लवकर निघाला असता तर मुलगा वाचला असता. मध्ये वीतभर पाइप असता तर इंजिन पायावर बसलंच नसतं, हे काही ते बोलले नाहीत. ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. तीन तास तो तिथं पडून होता. त्या तीन तासांत मी काय काय केलं ते मला मिनिटामिनिटाचं आठवतं. दोनदा चहा प्यालो. एक गार्ड घासून गुळगुळीत केला, पानशेतच्या एका माणसाचा.

पाचव्या दिवशी जलदान विधी झाला, गाव जमलं, गाथा म्हटल्या गेल्या. आम्ही बौद्ध माणसं. माझी आई सरूबाई होती तोवर तिनं घरात उतारा, अंगारा, अंगात येणं असल्या गोष्टींचं नावही काढू दिलं नाही. कुणी म्हणालं, अमक्या आंब्याखाली काहीतरी दिसतं, की ती मुद्दाम तिथं जाऊन सरपण गोळा करून आणायची. मी त्या बाईचा मुलगा. हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो.

महिन्याभरानं पोलिसांनी गाडी सोडली. टेम्पोतून आणून इथं, आत्ता तुमची गाडी उभी आहे ना तिथंच, डबल स्टँडवर लावली आणि वर वाढदिवसाचा एक जुना फ्लेक्स टाकला. माझी बायको छाया दिवसातून चारदा या शेडमधून ये-जा करायची, आमचं घर मागंच आहे. पण त्या फ्लेक्सकडं बघायची नाही. सप्टेंबर संपत आला असताना एके दिवशी जेवताना एकदम म्हणाली,

‘त्याच्या गाडीला गार्ड बसवा.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

‘आता कशाला?’

‘तुमी शब्द दिला व्हता त्याला.’

 त्याच आठवड्यात मी पाइप वाकवला.

असलं काही अवसेला होतं, मध्यरात्रीनंतर होतं, असं लोक सांगतात. मला जे झालं ते रविवारी दुपारी तीन वाजता. छाया विहारात वंदनेला गेली होती. आभाळ असंच भरून आलेलं, लाइट गेलेली, पत्र्यावर पावसाचा असा मारा की स्वतःचं खोकणं ऐकू येऊ नये. मी फ्लेक्स काढला. गाडीला अजून त्या चारीचा वास येत होता. कुजलेल्या गवताचा, गाळाचा. गार्ड जागेवर लावला, वरची पट्टी आवळली. खालचा बोल्ट डावीकडून आत सारला. एकटा असलो की मी एक युक्ती करतो. बोल्टच्या डोक्यावर रिंगपाना चढवायचा आणि तो फिरला की फुटरेस्टला जाऊन अडकेल असा ठेवायचा. सवयीनं तसंच केलं, उजवीकडं येऊन बसलो आणि नट फिरवायला लागलो.

नट सरळ आवळत गेला. बोल्ट जरासुद्धा फिरला नाही. अर्ध्याहून जास्त आवळून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की डाव्या बाजूचा फुटरेस्ट तर अपघातात तुटून गेलाय. पाना अडकेल असं तिथं काहीच नाही.

माझा हात थांबला. पाऊसही एकदम मंदावला, की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. ओल्या पँटीत कुणी उकिडवं बसलं की कापड जसं करकरतं तसा आवाज पलीकडून आला. आणि मग, अगदी हळू...

टण्... टण्.

‘सम्राट?’

 त्याच्या कानात गाणी आहेत, त्याला हाक ऐकू जाणार नाही, हेच माझ्या मनात पहिलं आलं बघा. भीती नंतर आली. 

उठायचं, चार पावलं चालायची आणि गाडीच्या पलीकडं बघायचं, एवढंच करायचं होतं. मी उठलो नाही. वाकून इंजिनाखालून बघितलं. पाना दिसत होता. आडवा, अधांतरी, हातात धरल्यासारखा स्थिर. बोटं दिसत नव्हती.

मग मी जे केलं ते ऐकून तुम्ही मला वेडा म्हणाल. आवळलेला नट मी पुन्हा सैल केला, पार टोकापर्यंत. आणि पहिल्यापासून आवळायला घेतला. छाया परत येईपर्यंत किती वेळा केलं कुणास ठाऊक. दर वेळी पलीकडून धरलं गेलं, आणि दर वेळी दोनदा वाजलं.

ऑक्टोबरात भातकापणी सुरू झाली. छाया सकाळी कापणीला जायची ती दिवस मावळताना यायची. मी दुपारी शेडचं दार आतून ओढून घ्यायचो. गिऱ्हाइकं बाहेरून हाका मारून मारून निघून जायची. मी उजवीकडं बसायचो, नट सैल करायचो, आवळायचो आणि बोलायचो. जन्मात त्याच्याशी बोललो नाही एवढं त्या महिन्यात बोललो. तुझ्या आईनं आज सुकटाची चटणी केली होती, तुझ्या वाटणीची तिनं बाजूला काढली आणि मग तशीच बसून राहिली. तुझा दोस्त प्रेम, तो कंपनीत लागला, पेढे द्यायला आला होता, दारातूनच परत गेला. असलंच सगळं. दोनदा बोल्टचे आटे झिजून गेले, दोनदा नवा बोल्ट घातला. तो कधी बोलला नाही. पण धरायचा घट्ट. मला वाटायचं, पोरगं मला सोडून गेलेलं नाही, रागावलेलंही नाही, रोज कामाला येतंय. तो महिना मी सुखात होतो. हा शब्द तोंडातून काढायची आता लाज वाटते.

छायाला काहीतरी कळलं होतं. एका संध्याकाळी विळा कोपऱ्यात ठेवता ठेवता ती थांबली.

‘तुमच्या अंगाला कसला वास येतुय?’

‘ग्रीसचा आसंल.’

‘ग्रीसचा न्हाई.’ ती जवळ आली, माझी बाही हुंगली. ‘गाळाचा हाय. चिखलात दिसभर मी ऱ्हाते, आन वास तुमच्या अंगाला...’

मी बाही सोडवून घेतली. तिला सांगितलं असतं तर तीही येऊन बसली असती आणि मला तो कुणाबरोबर वाटून घ्यायचा नव्हता. एवढा स्वार्थी झालो होतो मी.

कापणीचा शेवटचा दिवस होता. पाऊस कधीच संपलेला, बाहेर लख्ख ऊन, पण मी दार ओढलं की आत पावसाळ्यासारखाच अंधार व्हायचा आणि पत्रा गार पडायचा. त्या दिवशी मनात साठलेलं बोलायचं मी ठरवून आलो होतो. नट निम्मा आवळला आणि थांबलो.

‘सम्राट... तुजा गार्ड मी त्याला दिला रं. चुकलं माजं. तू तोंडानं म्हनला न्हाईस, पर मला दिसत व्हतं...’

पलीकडची पकड वाढली. मला ती माझ्या हातातल्या पान्यातून कळली. आणि मग पलीकडचा पाना हलला. इतके दिवस तो नुसता धरला जायचा. आता तो ओढला गेला, खाली, जमिनीकडं. मी माझ्या बाजूनं जोर लावला तसा आणखी जोरानं ओढला गेला. माझ्या हातातला पाना निसटून घरंगळला. गाडी डाव्या अंगाला कलली. डबल स्टँडवरची गाडी अशी कलत नाही हो. ती कलली आणि तशीच राहिली, कशावर तरी टेकल्यासारखी.

मग आवाज आला. इतके दिवस माझी समजूत होती की तो पलीकडं बसलेला असतो. आवाज बसलेल्या माणसाच्या उंचीवरून आला नाही. खालून आला, फरशीला लागून. दात आवळून आत ओढलेला श्वास... थांबला... पुन्हा एकदा. मध्येच पाणी बुडबुडल्यासारखं झालं.

‘आप्पा...’

‘काय रं? काय झालं बाळा?’

‘आप्पा... गाडी... उचला की वो...’

तो माझ्या मदतीला येतच नव्हता. महिनाभर, रोज दुपारी, तो त्या गाडीखाली होता. हाताला लागेल ते धरत होता. पाइपवर वाजवत होता ते रस्त्यानं जाणाऱ्या कुणाला तरी ऐकू जावं म्हणून. आणि मी या बाजूला बसून त्याला चटणीच्या गोष्टी सांगत होतो. नट सैल करत होतो आणि परत परत त्याच्याच अंगावर आवळत होतो.

मी उठलो. पहिल्यांदाच उठलो. हँडल धरलं, मागचं कॅरिअर धरलं आणि माझ्या बाजूला ओढायला लागलो. दीडशे किलोची गाडी मी आयुष्यभर एका हातानं सरकवत आलोय. ती हलेना. गाळात रुतल्यासारखी चिकटून राहिली. पलीकडं बघायची हिंमत मला तेव्हाही झाली नाही. डोळे मिटून घेतले आणि ओढत राहिलो. ओरडत असणार मी, कारण दार धाडकन उघडलं आणि छाया आत आली. शेवटचं वावर लवकर आटोपलं होतं. डोक्याला फडकं, हातात विळा. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा गाडीकडं.

‘धर,’ मी म्हणालो.

कशाला, का, काही विचारलं नाही तिनं. विळा टाकला आणि माझ्याशेजारी येऊन सीटखाली हात घातले. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती डोळे उघडे ठेवून गाडीच्या पलीकडं खाली बघत होती, टक लावून. तिला काय दिसलं ते तिनं मला आजवर सांगितलेलं नाही.

‘जोर करा,’ एवढंच म्हणाली. ‘लई दुखतंय त्याला... जोर करा.’

दोघांनी मिळून ओढलं. चिखलातून पाय उपसताना येतो तसा आवाज झाला आणि गाडी सुटली. आमच्या अंगावर येत होती, आम्ही बाजूला झालो. उजव्या अंगावर, नव्या गार्डवर ती आदळली. शेड दणाणली. मग सगळं शांत झालं.

फरशी कोरडी ठणठणीत होती. पण गाडीच्या डाव्या बाजूला जिथं मी एकदाही जाऊन बघितलं नव्हतं, तिथं माणसाच्या लांबीएवढी ओल होती आणि ओलीत लाल माती. एक गवताची काडी होती, हिरवीगार. नोव्हेंबर लागला होता, शिवारात सगळं गवत वाळलेलं.

मी पुढं व्हायला गेलो तर छायानं हात आडवा केला.

‘तुमी थांबा.’

ती जाऊन त्या ओलीशेजारी खाली बसली. पदर डोक्यावरून घेतला आणि वाकली. काहीतरी पुटपुटत होती, मला शब्द कळले नाहीत. लहान मुलाला उठवताना बायका बोलतात तसा सूर होता. मी तिथं खांबाला धरून उभा होतो. दिवेलागण झाली तरी ती उठली नाही. शेवटी मीच विचारलं,

‘निघाला का गं?’

तिनं मान हलवली. हो म्हणून. आणि खांबाचा आधार घेत उठली. उठताना डावा पाय तिनं जमिनीवर टेकला नाही.

गाडी मी पुन्हा उभी केली नाही. पडलेली तशीच कटरनं कापली, गार्डसकट, आणि भंगाराच्या टेम्पोत भरून दिली. फरशी छायानं मला पुसू दिली नाही. आठ दिवसांत ओल आपली आपण सुकली. गेल्या वर्षीची ही गोष्ट. त्यानंतर या शेडमध्ये काही वाजलं नाही, कसला वास आला नाही. मी कान देऊन असतो, दुपारी तीनच्या सुमाराला विशेष. काही नाही. गार्ड बनवतो, पोटासाठी बनवावेच लागतात. पण बसवायला घेतलं आणि गाडीच्या पलीकडं जाऊन कुणी पाना धरला की माझा हातच चालत नाही. एकदा एका सज्जन माणसानं पलीकडून धरला होता, तर मी त्याला दर फेऱ्याला विचारत होतो, दुखत नाही ना, दुखत नाही ना. तो घाबरून उठला.

छाया त्या दिवसापासून लंगडते. भोरला नेलं, फोटो काढले. हाड चांगलं आहे, शीर चांगली आहे, काहीच नाही म्हणाले. पुण्याला जाऊ म्हटलं तर ती नको म्हणते. दुखतं का विचारलं तर नाही म्हणते. रडायची ती मात्र थांबली, बघा. पूर्वी भाकरी थापताना रडायची, आता नाही. चेहरा भरलाय. अंगणवाडीत मदतनीस म्हणून जाते, दोनला घरी येते, जेवते आणि मागच्या पडवीत भिंतीला टेकून पाय लांब पसरून बसते. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना बायका बसतात ना, तशी. तासन् तास. मी काही विचारत नाही.

परवा मात्र मी आत गेलो तर ती तशीच बसल्या जागी झोपलेली दिसली. मान एका बाजूला कललेली, ऊन तोंडावर आलेलं. म्हटलं, आडवी करावी, सतरंजी सरळ करावी. खांद्याला धरलं, ती सहज वळली. मग पाय सरळ करायला गेलो. उजवा पाय उचलला, ठेवला. डाव्या पायाखाली हात घातला.

हलला नाही.

बाईमाणसाच्या एका पायाचं वजन ते किती असणार? मी दोन्ही हात घातले. गुडघा टेकवून जोर लावला. पाय बर्फासारखा गार होता आणि सतरंजी त्याच्याखाली दबून जमिनीत खड्डा पडल्यासारखी झाली होती.

छाया झोपलेली नव्हतीच. डोळे उघडले नाहीत तिनं. ओठ तेवढे हलले.

‘हात नका लावू...’ ती अगदी हळू म्हणाली. ‘आत्ता कुठं डोळा लागलाय त्याचा.’